सोळा प्रयोगांत बंद पडलेले नाटक : स्टीफन सॉन्डहाइम यांचे एक प्रकरण

न्यूयॉर्कच्या ऑल्विन थिएटरमध्ये २८ नोव्हेंबर १९८१ रोजी 'मेरिली वी रोल अलाँग' या संगीत नाटकाचा सोळावा प्रयोग झाला आणि तोच शेवटचा ठरला. दुसऱ्या दिवशी सगळा संच ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत जमला आणि आदल्या दिवशी बंद पडलेल्या नाटकाची गाणी त्यांनी तबकडीसाठी गायली. नाटकाचे संगीतकार आणि गीतकार स्टीफन सॉन्डहाइम तेव्हा ५१ वर्षांचे होते. मागच्या अकरा वर्षांत त्यांनी ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीच्या, संगीत नाटकाचा चेहराच बदलून टाकला होता.

जून २०२४ मध्ये याच नाटकाला ब्रॉडवेचा मोठा सन्मान असलेले चार टोनी पुरस्कार मिळाले. पुन्हा रंगमंचावर आलेल्या संगीत नाटकांतले त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट नाटक हा त्यांतला एक. हे पाहायला सॉन्डहाइम हयात नव्हते.

मधल्या बेचाळीस वर्षांत संहितेवर बरेच हात फिरले, काही गाणी गेली, काही आली. पण नाटकाचा जीव असलेल्या चाली १९८१ च्याच आहेत. मग तेव्हा पडले ते नेमके काय, आणि पुढे उभे राहिले ते कशाच्या जोरावर? 'संगीत काळाच्या पुढचे होते, प्रेक्षक तयार नव्हते' हे उत्तर नेहमी दिले जाते. मला ते पटत नाही. सॉन्डहाइम यांच्या सगळ्या कामात या नाटकाच्या चाली सर्वांत सरळ आहेत, एकदा ऐकल्या की ओठांवर राहतात. नाटकातल्या संगीतकाराची चाल कधीच एकटी ऐकली जात नाही. ती कोणाच्या गळ्यातून येते, त्या माणसाचे वय काय, त्याने अंगावर काय घातले आहे, आधीच्या प्रवेशात तो काय बोलला, हे सगळे त्या चालीत मिसळूनच प्रेक्षकाच्या कानावर पडते. हे प्रकरण त्या मिसळण्याचे आहे.

शेजारचे गुरू

सॉन्डहाइम यांचा जन्म २२ मार्च १९३० चा, न्यूयॉर्कचा. वडील तयार कपड्यांच्या धंद्यात, आई त्याच व्यवसायात डिझायनर. मुलगा दहा वर्षांचा असताना घर मोडले. आई त्याला घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या डॉइल्सटाउनकडे राहायला गेली आणि तिथे शेजार मिळाला तो ऑस्कर हॅमरस्टीन यांचा. रिचर्ड रॉजर्स यांच्याबरोबर 'ओक्लाहोमा!' लिहून १९४३ मध्ये ब्रॉडवेला नवे वळण देणारे हेच हॅमरस्टीन. त्यांचा मुलगा जेम्स हा स्टीफनचा मित्र, त्यामुळे हा पोरगा त्यांच्या घरात वाढला म्हटले तरी चालेल.

पंधराच्या आसपास वय असताना त्याने शाळेसाठी एक संगीत नाटक लिहिले आणि हॅमरस्टीनना वाचायला दिले. ओळखीचा मुलगा म्हणून नको, परक्या माणसाचे काम समजून वाचा, अशी अट घातली. हॅमरस्टीन यांनी सांगितले की इतके वाईट काही आपण आजवर वाचलेले नाही. गुण नाहीत असे मात्र नाही, हेही सांगितले, आणि मग पहिल्या रंगसूचनेपासून एकेक ओळ घेऊन त्याला दाखवत बसले. बहुतेकांना आयुष्यभरात कळत नाही इतके त्या एका दुपारी आपल्याला कळले, असे सॉन्डहाइम पुढे नेहमी सांगत.

त्यानंतर हॅमरस्टीन यांनी त्याला चार नाटकांचा अभ्यासक्रम लावून दिला. पहिले, आवडलेल्या एका चांगल्या नाटकाचे संगीत नाटक कर. दुसरे, आवडलेले पण कुठेतरी लंगडणारे नाटक घे आणि ते सुधारता येते का बघ. तिसरे, जी मुळात नाटक नाही अशी कथा घे. चौथे, सगळे स्वतःचे. पहिल्या धड्यासाठी मुलाने जॉर्ज कॉफमन यांचे मार्क कॉनेली यांच्याबरोबर लिहिलेले एक नाटक निवडले होते. हे कॉफमन लक्षात ठेवावेत, ते पुढे येणार आहेत.

या शिकवणीतली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रॉजर्स आणि हॅमरस्टीन यांचे 'अलेग्रो' १९४७ मध्ये रंगमंचावर आले तेव्हा सतरा वर्षांचा स्टीफन त्या निर्मितीत पडेल ते काम करणारा पोऱ्या होता. लहान गावातला एक सालस मुलगा डॉक्टर होतो, शहरातल्या मोठ्या इस्पितळात चढत जातो आणि यशाच्या पायऱ्यांवर आपले मूळ काम हरवून बसतो, अशी ती गोष्ट. रचना धाडसी होती, पण नाटक जमले नाही. ३१५ प्रयोग झाले, त्या जोडीच्या आधीच्या यशापुढे ते अपयशच मानले गेले. हॅमरस्टीन ते दुरुस्त करण्याच्या विचारात होते, पण १९६० मध्ये ते गेले. आपला गुरू आपल्या मनातल्या सर्वांत जवळच्या नाटकात कसा अडखळतो, हे त्या मुलाने विंगेतून पाहिले होते. यश माणसाला त्याच्या कामापासून कसे दूर नेते, हाच 'मेरिली'चा विषय आहे.

शिखरावरची अकरा वर्षे

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात संगीताचे शिक्षण, नंतर संगीतकार मिल्टन बॅबिट यांच्याकडे स्वररचनेचा कसून अभ्यास. १९५७ मध्ये लेनर्ड बर्नस्टीन यांच्या संगीताला 'वेस्ट साइड स्टोरी'ची गीते, १९५९ मध्ये 'जिप्सी'ची. संगीत आणि गीते दोन्ही त्यांचीच असलेले पहिले ब्रॉडवे नाटक १९६२ मध्ये आले आणि चालले, १९६४ मधले 'एनीवन कॅन व्हिसल' मात्र नऊ प्रयोगांत आटोपले.

मग दिग्दर्शक हॅल प्रिन्स यांच्याबरोबरचा काळ सुरू झाला. 'कंपनी' १९७० मध्ये, 'फॉलीज' १९७१ मध्ये, 'अ लिटल नाइट म्युझिक' १९७३ मध्ये, 'पॅसिफिक ओव्हर्चर्स' १९७६ मध्ये, 'स्वीनी टॉड' १९७९ मध्ये. १९७१, ७२ आणि ७३ अशी ओळीने तीन वर्षे सर्वोत्कृष्ट संगीताचा टोनी त्यांच्याकडे गेला. एक नाटक लग्नाच्या भोवतालचे, गोष्ट अशी नसलेले, एक जपानचे दरवाजे पाश्चात्त्यांना उघडण्याविषयीचे, एक गळे कापणाऱ्या न्हाव्याचे. या जोडीने एकही वाट दुसऱ्यांदा चालली नाही. टीका व्हायची ती एकाच मुद्द्यावर : गाणी हुशार आहेत, पण घरी जाताना गुणगुणता येत नाहीत.

नाटक मुळातच उलटे

किशोरवयीन मुलांना घेऊन काहीतरी करा, असे प्रिन्स यांना त्यांच्या पत्नी ज्यूडी यांनी सुचवले. प्रिन्सना १९३४ मधले एक नाटक आठवले. लेखक जॉर्ज कॉफमन आणि मॉस हार्ट. एका नाटककाराची गोष्ट त्याच्या कडवट मध्यमवयापासून सुरू होऊन मागे मागे जात कॉलेजच्या दिवसांपाशी संपते. तेही फारसे चालले नव्हते, १५५ प्रयोगांत थांबले होते. म्हणजे हॅमरस्टीन यांचा दुसरा धडाच पुन्हा समोर आला होता, आवडलेले पण लंगडणारे नाटक घेऊन ते सुधारण्याचा. फक्त आता तो वहीत नव्हता, ब्रॉडवेच्या मंचावर होता.

'कंपनी'चे लेखक जॉर्ज फर्थ यांनी नवी संहिता लिहिली. नाटककाराच्या जागी संगीतकार आला, फ्रँकलिन शेपर्ड. त्याचा गीतकार मित्र चार्ली क्रिंगस आणि दोघांची मैत्रीण, लेखिका मेरी फ्लिन. मूळ १९८१ च्या आवृत्तीत फ्रँक स्वतःच्या जुन्या शाळेच्या पदवीदान समारंभात १९८० साली भाषण द्यायला येतो आणि तिथून नाटक उलटे चालू लागते. आधी दिसतो पैसेवाला, चित्रपट निर्माता झालेला फ्रँक. मेरी दारूत बुडालेली, चार्लीशी संबंध तुटलेले. मग ते संबंध १९७३ मध्ये टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर कसे तुटले ते दिसते. मग घटस्फोट, मग पहिले यश, मग लग्न, मग धडपड. शेवटी १९५७ मधली एक पहाट, न्यूयॉर्कच्या एका इमारतीची गच्ची आणि स्पुतनिक शोधायला आकाशाकडे पाहणारी तीन तरुण मुले. सर्व काही त्यांच्यापुढे आहे असे ती गातात, आणि पुढे काय होणार ते आपण दोन तास पाहून बसलेलो असतो.

सॉन्डहाइम यांनी या उलट्या काळाला दिलेले संगीताचे उत्तर हा या प्रकरणाचा गाभा आहे.

संगीत नाटकात सहसा गाणे आधी पूर्ण येते आणि नंतर कुठेतरी त्याचा तुकडा परत येतो, आठवणीसारखा. इथे काळच उलटा. म्हणून तुकडा आधी येतो आणि पूर्ण गाणे नंतर. आपण आधी अवशेष ऐकतो, मग वास्तू. 'नॉट अ डे गोज बाय' हे गाणे घ्या. पहिल्यांदा ते घटस्फोटाच्या प्रसंगी येते. एकही दिवस तुझ्यावाचून जात नाही, हे शब्द तिथे शापासारखे वाटतात, यातून सुटका नाही अशा अर्थाचे. नंतर, म्हणजे काळाच्या हिशोबात काही वर्षे आधी, तेच गाणे त्याच दोघांच्या लग्नात येते. शब्द जवळजवळ तेच, चाल तीच, आणि आता ते वचन आहे. त्यातच मेरी बाजूला उभी राहून तीच ओळ गाते, कारण तिचे फ्रँकवर प्रेम आहे आणि ते त्याला कधीच कळणार नाही. एका चालीत तीन माणसांचे तीन अर्थ, आणि प्रेक्षकाच्या मनात चौथा, कारण घटस्फोटाचा सूर त्याने आधीच ऐकलेला असतो. मूळ प्रयोगात पहिल्या वेळी हे गाणे फ्रँकच्या तोंडी होते. नंतरच्या आवृत्त्यांत ते त्याची पत्नी बेथ हिच्याकडे गेले. ते योग्यच झाले असे मला वाटते, ज्याने जखम केली त्याच्या तोंडी ते तितके खरे वाटत नाही.

'गुड थिंग गोइंग'चेही असेच. फ्रँक आणि चार्ली एका पार्टीत पाहुण्यांसमोर ते गातात. वरवर ते एका ओसरलेल्या प्रेमाचे साधे गाणे आहे, ऐकताना मात्र कळते की ते या दोघांच्या मैत्रीविषयी आहे. पाहुणे टाळ्या वाजवतात, पुन्हा गायला लावतात आणि दुसऱ्या वेळी गाणे चालू असतानाच आपसांत बोलू लागतात. त्यानंतर 'ओपनिंग डोअर्स' हा लांब प्रवेश येतो. तिघे बेकार, एकाच्या हाताखाली पियानो, दोघांच्या हाताखाली टाइपरायटर, वर्षे भराभर जातात. तिथे हीच चाल वेगळ्या शब्दांवर, धावत्या लयीत, अजून कच्ची अशी ऐकू येते. जे गाणे आपण तयार ऐकले त्याचा जन्म आपण नंतर पाहतो.

याच प्रवेशात निर्माता जो जोसेफसन त्यांचे गाणे ऐकून तक्रार करतो की यात गुणगुणण्यासारखे काही नाही, आणि बाहेर पडताना रॉजर्स-हॅमरस्टीन यांची एक प्रसिद्ध चाल चुकीची गुणगुणत जातो. स्वतःवर वर्षानुवर्षे झालेली टीका सॉन्डहाइम यांनी त्या पात्राच्या तोंडी घातली आणि तिला उत्तर म्हणून गुरूचेच गाणे ठेवले. आपण लिहिलेले एकमेव आत्मचरित्रपर गाणे हे, असे ते म्हणत. त्या दोन-चार ओळींत केवढे प्रेम आहे!

चाली सोप्या असण्यालाही कारण होते. पात्रे पन्नास-साठच्या दशकात ब्रॉडवेसाठी गाणी लिहिणारी होती, तेव्हा त्या काळच्या बत्तीस बारच्या (तालाच्या खंडांच्या) ठशातली गाणी लिहायला सॉन्डहाइम यांनी स्वतःला मुभा दिली. लोकप्रिय गायक फ्रँक सिनात्रा यांनी 'गुड थिंग गोइंग' त्याच सुमारास ध्वनिमुद्रित केले होते. ज्याला सिनात्रा हात घालतात ते संगीत प्रेक्षकाला न झेपणारे नसते.

ऑल्विनमधले ते आठवडे

प्रिन्स यांचा निर्णय असा होता की सगळी पात्रे तरुण मुलांनीच करायची, सोळा ते पंचवीस वयाच्या. नाटकाच्या शेवटी ती आपल्या खऱ्या वयाला पोचतील आणि सगळा निरागसपणा तिथे उघडा पडेल. कल्पना म्हणून ती सुंदर आहे. गच्चीवरच्या त्या शेवटच्या गाण्यासाठी याहून चांगले काही सुचणे कठीण. पण नाटक त्या गाण्यापासून सुरू होत नाही. ते सुरू होते चाळिशीतल्या, दमलेल्या, एकमेकांना बोचकारणाऱ्या माणसांपासून, आणि ती माणसे होती विशीतली मुले. प्रेक्षकाला समोर दिसत होता शाळेचा स्नेहसंमेलनी प्रयोग, आणि त्यात कानावर येत होते आयुष्य वाया गेल्याचे गाणे.

चालींची उलटी रचना नेमकी इथे मोडली. ती सगळी एका गोष्टीवर उभी होती : पहिल्या वेळी ऐकलेला कडवट सूर खरा वाटला पाहिजे. तो खरा वाटला तरच दुसऱ्या वेळचा गोड सूर काळजाला लागतो. विशीतल्या गळ्यातून आलेला घटस्फोट हा सोंग वाटला, आणि मग लग्नातल्या गाण्याला टोचायला काही उरलेच नाही. संगीतकाराने पाया बरोबर काढला होता, त्यावर वजन पेलणारे खांब नव्हते.

नाटक बाहेरगावी दौरा न करता थेट न्यूयॉर्कमध्ये ८ ऑक्टोबर १९८१ पासून प्रिव्ह्यू प्रयोगांना, म्हणजे अधिकृत उद्घाटनाआधीच्या प्रयोगांना, लागले. दुरुस्त्या चालल्या त्या तिकीट काढून आलेल्या न्यूयॉर्ककरांसमोर, रोज. पात्रे एकमेकांपासून ओळखू येईनात, लोक मध्येच उठून जाऊ लागले. तयार केलेले सगळे कपडे रद्द झाले आणि त्यांच्या जागी स्वेटशर्ट आले, छातीवर पात्राचे नाव किंवा नाते छापलेले. मुख्य भूमिकेतला नट बदलून फ्रँकची भूमिका जिम वॉल्टन यांना दिली गेली. नृत्यदिग्दर्शक बदलले. उद्घाटन पुढे ढकलून १६ नोव्हेंबरवर नेले. शाळेच्या व्यायामशाळेतल्या बाकड्यांसारखे नेपथ्य होते, ते कोणालाच आवडले नाही. हे नाटक दिसायला कसे असावे हे आपल्याला कधी नीट दिसलेच नाही, अशी कबुली प्रिन्स यांनी पुढे मोकळेपणाने दिली. रिकामा रंगमंच आणि कपड्यांच्या काही मांडण्या एवढेच ठेवावे असे त्यांच्या मनात होते, पण ब्रॉडवेचे तिकीट काढणाऱ्यांपुढे ते मांडायचा धीर झाला नाही. मला वाटते, तो धीर झाला असता तर निदान अर्धे दुखणे गेले असते.

या सगळ्या धावपळीत सॉन्डहाइम गाणी बदलत होते, लिहीत होते. त्या महिन्याइतकी मजा आपल्याला दुसऱ्या कुठल्याच नाटकात आली नाही, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. संगीत नाटकाच्या धंद्यातल्या माणसालाच ते वाक्य पूर्ण कळेल. पडणार हे दिसत असूनही रोज रात्री नवी पाने घेऊन येणारा संगीतकार आणि ती सकाळी पाठ करून संध्याकाळी गाणारी विशीतली मुले, यात खरेच एक सुख असते.

परीक्षणे वाईट आली. न्यूयॉर्क टाइम्सच्या फ्रँक रिच यांनी गाण्यांची थोरवी मान्य केली, पण सॉन्डहाइम यांचे चाहते असणे म्हणजे ठराविक काळाने काळीज मोडून घेणे, अशा अर्थाचे वाक्य त्यांनी लिहिले आणि ते या नाटकाला कायमचे चिकटले. बारा दिवसांत खेळ संपला. प्रिन्स आणि सॉन्डहाइम यांची जोडीही तिथेच थांबली. त्यांचे पुढचे एकत्र काम थेट २००३ मध्ये आले आणि ते ब्रॉडवेपर्यंत पोचले नाही.

तबकडी

दुसऱ्या दिवशीच्या त्या ध्वनिमुद्रणाकडे मी परत येतो, कारण माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक दिवस तो आहे. बंद पडलेल्या नाटकाची तबकडी काढणे हा कंपनीसाठी तोट्याचा सौदा. तरी आरसीए या ध्वनिमुद्रण कंपनीने ती काढली, निर्माते टॉमस शेपर्ड. कालच नोकरी गेलेली मुले गायला उभी राहिली. लॉनी प्राइस, अ‍ॅन मॉरिसन, जिम वॉल्टन, आणि छोट्या भूमिकांत जेसन अलेक्झांडर, लिझ कॅलवे, टोन्या पिंकिन्स. त्या गाण्यांत जो जीव आहे तो सर्व काही नुकतेच गमावलेल्या माणसांचा आहे.

आणि तबकडीवर वय दिसत नाही. स्वेटशर्ट दिसत नाहीत, बाकडी दिसत नाहीत. चाल प्रथमच मोकळी झाली. ज्यांनी नाटक पाहिले नव्हते अशा हजारोंनी ते ऐकले आणि त्यांच्या मनात आपापले नाटक उभे राहिले. आपल्याकडेही कित्येक संगीत नाटकांचे प्रयोग थांबले, नाटकाची गोष्टसुद्धा लोक विसरले, पण पदे तबकड्यांनी आणि मैफलींनी जिवंत ठेवली. फरक एवढाच की आपली पदे नाटकापासून सुटून स्वतंत्र झाली, तर 'मेरिली'ची गाणी ऐकणाऱ्याला नाटकाकडे परत ढकलत राहिली. कारण ती एकमेकांत अडकलेली आहेत. एक ऐकले की दुसरे कुठे आहे याचा शोध सुरू होतो.

दुरुस्तीची वर्षे

सॉन्डहाइम यांना हा मार फार लागला. रंगभूमी सोडून रहस्यकथा किंवा व्हिडिओ गेम यांच्याकडे वळावे असा विचार त्यांनी बोलून दाखवला होता. प्रेक्षक नाकारतात हे त्यांनी आधीही पाहिले होते. या वेळी व्यवसायातली माणसे आपल्या पडण्याची वाट पाहत होती, ही जाणीव जास्त खोल गेली.

त्यांना परत आणले जेम्स लॅपाइन या तरुण दिग्दर्शकाने. दोघांची गाठ १९८२ मध्ये पडली. चित्रकार जॉर्ज सेराच्या एका चित्रावरून त्यांनी 'संडे इन द पार्क विथ जॉर्ज' उभे केले. मोठ्या ब्रॉडवे निर्मितीऐवजी आधी प्लेराइट्स होरायझन्स या लहान संस्थेत, अपुऱ्या अवस्थेतच, १९८३ मध्ये ते प्रेक्षकांसमोर ठेवले. ब्रॉडवेवर ते मे १९८४ मध्ये आले, ६०४ प्रयोग चालले आणि १९८५ चे नाटकाचे पुलित्झर त्याला मिळाले. काम करणारा कलावंत आणि त्यापायी हातून निसटणारी माणसे, हा विषय तोच. पण या वेळी कच्चे काम कच्चे म्हणून दाखवण्याची जागा होती. 'मेरिली'ला ती मिळाली नव्हती.

पुलित्झर हातात असताना त्याच वर्षी सॉन्डहाइम आणि फर्थ पुन्हा 'मेरिली'कडे गेले. कॅलिफोर्नियातल्या ला होया प्लेहाउसमध्ये लॅपाइन यांनी ते बसवले. पदवीदानाची चौकट गेली आणि तिच्याबरोबर शाळेचे समूहगीतही गेले, ज्याच्या स्वरांतून नाटकातल्या इतर चाली फुटल्या होत्या. त्याचे मला वाईट वाटते, कारण रचनेचे बीज होते ते. सुरुवातीच्या पार्टीतले गाणे बदलले, फ्रँकला स्वतःशी बोलायला 'ग्रोइंग अप' मिळाले. सर्वांत मोठा बदल म्हणजे भूमिका मोठ्या वयाच्या नटांकडे गेल्या. तरुण दिसणारे मोठे लोक हे मोठे दिसू पाहणाऱ्या तरुणांपेक्षा प्रेक्षकाला सहज पटतात, हे एवढे साधे होते. पुढे वॉशिंग्टन, १९९२ मध्ये इंग्लंडमधले लेस्टर, १९९४ मध्ये न्यूयॉर्कचे यॉर्क थिएटर असे करत संहिता स्थिरावली. २००० मध्ये लंडनच्या डॉनमार वेअरहाउसमध्ये झालेल्या प्रयोगाला नव्या संगीत नाटकाचा ऑलिव्हिए हा ब्रिटिश रंगभूमीचा पुरस्कार मिळाला, जन्मानंतर एकोणीस वर्षांनी.

लेस्टरला मेरीची भूमिका करणाऱ्या मरीया फ्रीडमन यांनी २०१२ मध्ये लंडनच्या मेनिए चॉकलेट फॅक्टरी या छोट्या नाट्यगृहात ते स्वतः दिग्दर्शित केले. ज्या नटीने ही गाणी रोज गायली तिने दिग्दर्शन हातात घेतले, हे मला योगायोगापेक्षा जास्त वाटते. कोणती ओळ कोणत्या जखमेवर बसते हे तिला गळ्याने ठाऊक होते. तिने सगळे नाटक फ्रँकच्या आठवणीत नेऊन ठेवले. सुरुवातीला फ्रँक एकटा, आणि मग जे घडते ते त्याला आठवते म्हणून घडते. त्यामुळे उलटा काळ ही करामत राहिली नाही, पश्चात्ताप करणाऱ्या माणसाचे मन तसेच मागे मागे जाते. हाच प्रयोग वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, गेला, मग २०२२ च्या अखेरीस न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉपमध्ये आणि १० ऑक्टोबर २०२३ रोजी ब्रॉडवेच्या हडसन थिएटरमध्ये. फ्रँक झाले जोनाथन ग्रॉफ, चार्ली डॅनियल रॅडक्लिफ, मेरी लिंडसे मेंडेझ. तिघेही तिशी-चाळिशीतले, म्हणजे नाटकाच्या दोन्ही टोकांना हात पोचेल अशा वयाचे. ग्रॉफ आणि रॅडक्लिफ दोघांना अभिनयाचा टोनी मिळाला. चौथा टोनी वाद्यवृंदरचनेसाठी जोनाथन ट्यूनिक यांना, आणि १९८१ च्या प्रयोगाची वाद्यवृंदरचनाही त्यांचीच होती. संगीताला मात्र पुरस्कार नाही, कारण जुन्या संगीताला तो देत नाहीत. १९८२ मध्ये या नाटकाला मिळालेले एकमेव टोनी नामांकन संगीताचेच होते आणि तेव्हा पुरस्कार 'नाइन'कडे गेला.

जॉर्ज फर्थ २००८ मध्ये गेले, प्रिन्स जुलै २०१९ मध्ये, सॉन्डहाइम २६ नोव्हेंबर २०२१ रोजी. मूळ संचातले चार्ली, म्हणजे लॉनी प्राइस, यांनी १९८१ च्या त्या मुलांवर २०१६ मध्ये एक माहितीपट केला. त्यात एबीसी वाहिनीने तेव्हा टिपलेले आणि मग बाजूला टाकलेले चित्रण आहे. पहिल्या तालमीला आलेली, आयुष्य आता सुरू झाले अशा डोळ्यांची मुले त्यात दिसतात. प्रिन्स यांना मंचावर जे दाखवायचे होते, ते पस्तीस वर्षांच्या अंतराने या पडद्यावर अचूक दिसते.

वयाचा प्रश्न अजून एका माणसाने हाती घेतला आहे. चित्रपट दिग्दर्शक रिचर्ड लिंकलेटर २०१९ पासून या नाटकाचा चित्रपट करत आहेत. नट तेच ठेवून, त्यांना खरोखर मोठे होऊ देत, सुमारे वीस वर्षांत तो पुरा करायचा त्यांचा बेत आहे. पॉल मेस्कल, बेन प्लॅट आणि बीनी फेल्डस्टीन यांच्यावर नाटकाचा शेवट, म्हणजे तारुण्य, आधी चित्रित होते. नाटकाच्या सुरुवातीचा, बेल एअर या लॉस एंजेलिसच्या श्रीमंत वस्तीतल्या पार्टीचा कडवट फ्रँक सर्वांत शेवटी होईल, आणि तेव्हा त्या सुराला जे वय लागते ते नटाच्या गळ्यात खरोखरच आलेले असेल.